गेम संपवला आणि डोकंच सटकलं

पत्र आधी देतो, थोडं कापून:

"दादा, मेटल गिअर सॉलिड 5 एकदाचा संपवला, द फँटम पेनवाला. सेव्ह फाइल 94 तास दाखवतेय. पहिला चॅप्टर येड्यासारखा खेळलो, झोप सोडून. दुसऱ्या चॅप्टरमध्ये झालेलीच मिशन्स अवघड करून परत दिली, आणि शेवटचं मिशन तर चक्क पहिलंच मिशन. मग क्रेडिट्स. मी तसाच बसून राहिलो की आता पुढे काहीतरी असेल. काही नाही. ज्या मित्राने हा गेम माझ्या माथी मारला त्याच्यासाठी हा जगातला बेस्ट गेम आहे, रोज विचारतो संपला का, कसा वाटला, आणि मी अजून 'चालू आहे' सांगतोय. माझे 94 तास पाण्यात गेले का? आणि याला काय सांगू? हां, आणि मास इफेक्टचे तिन्ही गेम सेलमध्ये घेऊन ठेवलेत, त्याचा शेवट तर सगळ्यात बेकार म्हणतात, मग सुरूच नको करू का? – संपवून फसलेला"

अरे फसलेल्या, सगळ्यात आधी ते 'चालू आहे' बंद कर. मित्र तुझ्या फ्रेंडलिस्टमध्ये असणारच, आणि तुला मिळालेल्या ट्रॉफ्या प्रोफाइलवर तारखेसकट दिसतात. त्याने अजून उघडून बघितलं नसेल तर नशीब समज.

बाकीच्या वाचकांनो, तुम्हाला फँटम पेन किंवा फॉलआउट 3 खेळायचा असेल तर इथूनच परत फिरा, पुढे मी शेवट फोडणार आहे. मास इफेक्टचा नाही फोडणार कारण ह्याने अजून सुरूच केलेला नाही.

तर आता 94 तासांचं बघू. तू ज्याला फसणं म्हणतोयस ते फक्त चांगल्या गेमच्या बाबतीतच होतं. कचरा गेम माणूस संपवत नाही रे, तासा-दोन तासांत कळतं की यात दम नाही, अनइन्स्टॉल करतो आणि आठवड्यात नावही विसरतो. 'संपवलेल्यांपैकी सगळ्यात जास्त पोपट कुठल्या गेमने केला' असं लोकांना विचार, जी नावं येतील ती बघ. मास इफेक्ट 3, फॉलआउट 3, हाच तुझा फँटम पेन. यातलं एकही नाव टाकाऊ गेमचं नाही, उलट लोक यांच्यात शेवटपर्यंत राहिले म्हणून तर एवढे चिडले. ज्याने आधी भरपूर दिलं त्याच्याकडूनच आपण आणखी मागतो, आणि मग तो ऐन शेवटी तोंडाला पानं पुसतो.

आणि फँटम पेनने भरपूर दिलं होतं हे तूच लिहिलंयस की, झोप सोडून खेळलो म्हणून. 1984 चं अफगाणिस्तान, रात्री चौकीच्या वरच्या टेकडीवर पालथं पडून दुर्बिणीने एकेक गार्ड मार्क करायचा, मग खाली सरपटत जाऊन एकाला मागून धरायचं, बाकीचे कुठे आहेत ते त्याच्याकडून वदवून घ्यायचं, बेशुद्ध करायचं आणि पाठीला फुगा लावून सरळ आकाशात पाठवायचं, की चार दिवसांनी तोच माणूस तुझ्या बेसवर तुला सलाम ठोकतोय. तो फुगा बकरीला लावता येतो, रणगाड्यालाही लावता येतो, आणि पहिल्यांदा रणगाडा वर गेला तेव्हा तू हसला नसशील तर मी मानणार नाही. हे सगळं शेवट वाईट निघाला म्हणून रद्द होतं का? तुझ्या डोक्यात होतंय, आणि त्याला कारण आहे.

1993 साली डॅनियल काहनमन या मानसशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग छापला होता. लोकांना एक हात 14 अंशाच्या थंडगार पाण्यात 60 सेकंद धरायला लावला. दुसऱ्या वेळी दुसरा हात, तेच 60 सेकंद, पण वर आणखी 30 सेकंद, आणि त्या जादाच्या 30 सेकंदांत पाणी हळूहळू जेमतेम एक अंशाने कोमट केलं. नंतर विचारलं की यातलं एक परत करायचंय, कुठलं करणार? बहुतेकांनी लांबलचक वालं निवडलं! म्हणजे त्रास जास्त वेळ झाला, पण शेवट जरा बरा होता म्हणून डोक्यात तेच बरं म्हणून बसलं. आपल्या डोक्याचा हिशोब असा असतो, एकूण किती वेळ काय झालं हे ते मोजत नाही, सगळ्यात टोकाचा क्षण आणि शेवट एवढंच धरून ठेवतं. तुझ्यासोबत ह्याच्या बरोबर उलटं झालंय. बाकी सगळं मस्त, शेवटचं पाणी गार.

पण म्हणून 'सगळं छानच होतं रे, मनावर घेऊ नकोस' असं मी सांगणार नाही, कारण तुझी तक्रार खरी आहे. दुसऱ्या चॅप्टरमध्ये गेम खरंच गुंडाळलाय. आधी केलेली मिशन्स 'एक्स्ट्रीम', 'टोटल स्टेल्थ' असली लेबलं लावून परत यादीत टाकलीयेत. तो एलाय नावाचा पोरगा आठवतो ना, पोरांची टोळी घेऊन तो भलामोठा रोबोटच पळवून नेतो? त्याच्या गोष्टीचं पुढे काय होतं ते गेममध्ये नाहीच. का नाही, तर ते 51वं मिशन होतं, ते पूर्ण झालंच नाही, आणि कलेक्टर्स एडिशनच्या जादा डिस्कवर त्याचं अर्धवट ॲनिमेशन आणि चित्रं व्हिडिओ म्हणून टाकून दिली. पूर्ण किमतीच्या गेमचा शेवट अर्धवट, तोही बोनस म्हणून, याला काय म्हणायचं! गेम आला 1 सप्टेंबर 2015 ला, कव्हरवरून तो बनवणाऱ्या हिदेओ कोजिमाचं नाव आधीच काढलेलं होतं, आणि डिसेंबरमध्ये कोजिमा कोनामी या कंपनीतून बाहेर पडून स्वतःचा स्टुडिओ काढून मोकळा झाला. अशा भांडणाच्या घरात बनलेला गेम होता तो, आणि ते भांडण दुसऱ्या चॅप्टरमध्ये दिसतं.

मग 'पहिला चॅप्टर संपला तिथेच, 31व्या मिशनला सोडायला हवा होता' असं तू म्हणशील. इथे मी अडतो. कारण मग 43वं मिशन हुकलं असतं. तुझ्या स्वतःच्या बेसवर साथ पसरलीय, क्वारंटाइनच्या इमारतीत तुला आत जावं लागतं, आणि ज्यांना तू एकेक करून फुग्याने उचलून आणलंस तीच माणसं आता तुला स्वतःच्या हाताने मारायचीयेत. गेम तिथे दुसरा रस्ताच देत नाही. खालच्या मजल्यावर पोचतोस तर उरलेले सगळे रांगेत उभे, तुला सलाम करतायत, एक जुनी धून गुणगुणतायत, आणि तू बटण दाबेपर्यंत तसेच उभे राहतात. प्रत्येकाच्या डोक्यावर नाव दिसतं. त्यातली काही नावं तुझ्या ओळखीची निघतात, कारण तो अमुक गार्ड तू त्या अमुक चौकीवरून आणला होतास. आधीच्या त्या सगळ्या तासांशिवाय हा सीन चाललाच नसता, सिनेमात तर अजिबात नाही. हे सगळ्यात भारी मिशन त्याच भिकार चॅप्टरमध्ये आहे, म्हणून 'कुठे सोडायला हवा होता' याचं सरळ उत्तर माझ्याकडे नाही.

कथेच्या शेवटच्या, 46व्या मिशनबद्दल माझं मत सांगतो, पटलं तर घे. कल्पना जबरदस्त आहे. इतके तास ज्याला तू बिग बॉस, म्हणजे या मालिकेतला तो नावाजलेला सैनिक, समजून खेळलास तो बिग बॉस नाहीच, त्याचा चेहरा लावलेला दुसराच माणूस आहे, म्हणजे खेळणारा तू. पण हे सांगायला हॉस्पिटलवालं पहिलं मिशन जवळपास तसंच्या तसं परत खेळायला लावायची काही गरज नव्हती. तोच पलंग, तेच लुळे पाय, तोच कॉरिडॉर, आणि परत सरपट! पाच मिनिटांच्या कटसीनचं, म्हणजे नुसत्या बघायच्या सीनचं, काम होतं ते. कल्पनेला दाद, सरपटण्याला माफी नाही.

आता खरोखर पाण्यात गेलेले तास कुठले ते शोधायचंय तर स्वतःला एवढंच विचार की तू पाट्या टाकायला कधी सुरुवात केलीस. या गेममध्ये 157 साइड ऑप्स, म्हणजे मुख्य कथेबाहेरची छोटी कामं आहेत. त्यातली मोजकी कथेसाठी लागतात, बाकीची कोणी मागितलेली नाहीत. गेम म्यूट करून कानात पॉडकास्ट लावला आणि हात आपोआप एकामागून एक कैदी उचलतायत, असं कधीपासून चाललं होतं? तिथून पुढचे तास तुझे गेले. माझा अंदाज, 94 पैकी वीसेक असतील. आणि ते गेमने नाही खाल्ले, 'एवढं केलंय तर आता संपवूच' या हट्टाने खाल्ले.

हा हट्ट गेम बनवणाऱ्यांना चांगला माहितीय. अर्खम नाइटमध्ये बॅटमनचा पूर्ण शेवट बघायचा तर रिडलर या खलनायकाची 243 आव्हानं, ट्रॉफ्या, कोडी वगैरे सगळी, पूर्ण करावी लागतात. लोकांनी केली, आणि शेवटी जो छोटासा तुकडा बघायला मिळाला तो बघून कपाळाला हात लावला. ही मला सगळ्यात चीड आणणारी जात, शेवट लिहिलाय पण ओलीस ठेवलाय. याच्या उलट झेल्डा मालिकेतला ब्रेथ ऑफ द वाइल्ड. त्यात 900 कोरोक बिया लपवल्यात, सगळ्या शोधून काढणाऱ्याला बक्षीस म्हणून मिळतो सोन्यासारखा चमकणारा शेणाचा गोळा. लोक यावर पण चिडतात, मी नाही चिडत, कारण तिथे कथेचा शेवट अडवलेला नाहीये, आणि तो गोळा म्हणजे बनवणाऱ्यांनी हसत हसत सांगितलंय की बाबा, हे सगळं गोळा करायला तुला कोणी सांगितलं होतं? आणि अगदी जुनं बघायचं तर 1985 चा घोस्ट्स अँड गॉब्लिन्स. आधीच महाभयंकर अवघड, रडतखडत शेवटचा राक्षस मारलास की गेम म्हणतो हा सगळा भास होता, सैतानाची चाल होती, आता पहिल्यापासून परत खेळ. तेव्हाच्या पोरांनी कंट्रोलर कसे नाही फोडले देव जाणे. फोडले असतील.

अजून एक प्रकार असतो, तो नंतर दुरुस्त होणारा. फॉलआउट 3 घे, 2008 चा. शेवटी रेडिएशनने भरलेल्या खोलीत जाऊन कोड टाकायचा असतो, आत जाणारा मरणार. आणि तुझ्या शेजारी फॉक्स नावाचा अजस्र मित्र उभा, ज्याच्यावर रेडिएशनचा काही परिणामच होत नाही, थोड्याच वेळापूर्वी त्याने असल्याच खोलीतून तुला सामान आणून दिलंय! त्याला म्हणावं तू जा, तर म्हणतो, हे तुझं नशीब आहे, मी मध्ये नाही येणार. अरे नशीब गेलं उडत, तू जा ना आत! एवढा आरडाओरडा झाला की 2009 मध्ये ब्रोकन स्टील नावाच्या डीएलसीमध्ये, म्हणजे गेमला नंतर जोडलेल्या जादा भागात, हे बदललं, आता त्याला पाठवता येतं आणि गेम शेवटानंतरही चालू राहतो. वरातीमागून घोडं, पण आलं तरी. सायबरपंक 2077 चंही तसंच, डिसेंबर 2020 मध्ये आला तेव्हा सोनीने आठवडाभरात आपल्या स्टोअरवरून काढून टाकला होता, आणि 2023 च्या 2.0 अपडेटनंतर तोच गेम लोक एकमेकांना आग्रहाने देतायत. म्हणून मी पहिल्या दिवशी गेम घ्यायला कोणालाच सांगत नाही, वर्षभर थांब, तोपर्यंत पॅच येतात आणि दुसरी माणसं फसून झालेली असतात.

आणि बॅकलॉगमधले, म्हणजे घेऊन पडून राहिलेले, सगळे गेम संपवायलाच हवेत असा काही कायदा नाहीये. पाट्या टाकणं सुरू झालं की दोनच रस्ते, साइडचं सगळं सोडून फक्त मेन स्टोरी हाणायची, नाहीतर गेम बंद आणि शेवट यूट्यूबवर बघायचा. यूट्यूबवर शेवट बघितला म्हणून कोणी तुझी सेव्ह फाइल जप्त करायला येत नाही. 43व्या मिशनसारखं एखादं हुकेल ना, हुकू दे, कुठल्या ना कुठल्या गेममधलं काहीतरी हुकणारच आहे.

आता मित्र. त्याला 'बोअर झालं' किंवा 'ओव्हररेटेड आहे' म्हणालास की भांडण पक्कं, कारण त्याने तुला त्याची आवडती गोष्ट दिलीय आणि तू तिला एका शब्दात निकालात काढतोयस. त्यापेक्षा थेट 43 वर जा. 'ते सलामवालं मिशन तू पहिल्यांदा केलंस तेव्हा लगेच गोळी झाडलीस का थांबलास?' एवढंच विचार. तो अर्धा तास बोलेल, लिहून घे. मग तुझं सांग, की एवढं भारी करून पुढे परत हॉस्पिटलमध्ये सरपटायला लावलं तेव्हा माझं डोकं सटकलं. बहुतेक तो म्हणेल माझंही सटकलं होतं, कारण या गेमच्या अर्धवटपणावर सगळ्यात जास्त तोंड कोण सोडतं तर त्याचे कट्टर फॅन. 51व्या मिशनचा तो व्हिडिओ त्यानेच तुला दाखवला तर नवल नाही. आणि नाहीच म्हणाला, 'तू नीट खेळलाच नाहीस' म्हणाला, तर म्हणू दे. 94 तास खेळलेल्या माणसाने त्यावर काही सिद्ध करायची गरज नाही.

राहिला मास इफेक्ट. सुरू कर, बिनधास्त. शेवटावरून 2012 मध्ये केवढा दंगा झाला ते तू ऐकलंच असशील. गेम यायच्या आधी त्याचा डायरेक्टर केसी हडसन सांगत होता की इथे ए, बी, सी असे मोजता येतील असले शेवट नाहीत, आणि खेळणाऱ्यांना मिळालं काय ते यावरून समजून घे की चिडलेल्या फॅन्सनी पैसे गोळा करून गेम बनवणाऱ्या बायोवेअरच्या ऑफिसात लाल, निळे आणि हिरवे असे 400 कपकेक पाठवले, रंग तीन आणि चव एकच. याहून जास्त मी सांगणार नाही. निषेध मात्र मला भयंकर आवडला, शिव्या नाहीत, धमक्या नाहीत, आणि मुद्दा पोचला. त्याच वर्षी जूनमध्ये त्यांनी एक्सटेंडेड कट फुकट दिला, त्यात शेवट बदलला नाही पण जरा नीट उलगडून दाखवला. तू घेतलेला सेट 2021 चा लेजेंडरी एडिशन असेल तर त्यात तो आधीच घातलेला आहे, म्हणजे लोकांना जो शेवट बघून वेड लागायची पाळी आली तो मूळचा शेवट तुला दिसणारच नाही.

पहिला गेम आता थोडा जुनाट वाटेल. माको नावाची गाडी आहे, ती उभ्या कड्यावर चढते आणि सपाट जमिनीवर उलटते, तिच्यावरून वैतागून सोडू नकोस, दुसऱ्या गेमपर्यंत पोच. तिथे टीमचं कोण जगलं, कोण मेलं ते तिसऱ्यातही तसंच राहतं, म्हणून शेवटच्या मिशनला निघायच्या आधी प्रत्येकाचं स्वतःचं मिशन करून घे, इथे साइड मिशन म्हणून टाळलंस तर महागात पडेल. आणि तिसऱ्यात सिटाडेल नावाचा डीएलसी आहे, 2013 चा, एडिशनमध्येच येतो. मूळ शेवटाने जे दिलं नाही ते त्यात आहे, सगळी टीम एकत्र, चेष्टामस्करी, घरी पार्टी. तो शेवटानंतर नाही खेळायचा. सर्बेरस नावाच्या शत्रू संघटनेच्या हेडक्वार्टरवर हल्ल्याचं मिशन दिसलं की त्याच्या आधी एक वेगळी सेव्ह ठेव आणि सिटाडेल तिथेच खेळून घे, कारण त्या हल्ल्याला एकदा निघालास की मागे फिरता येत नाही. पार्टीत सगळ्यांशी बोल, सीन स्किप करू नकोस.